पांढरीच्या विटा

आमच्या जिल्ह्यात वीट जितक्या वेळा पुढाऱ्यांच्या तोंडात येते, तितक्या वेळा ती गवंड्याच्या हातातसुद्धा येत नसेल. "एकेक वीट रचून ही संस्था उभी केली" असं म्हणणारा माणूस व्यासपीठावर दिसला की माझ्या जिभेला खाज सुटते. विचारावंसं वाटतं, बाबा रे, ती वीट थापली कुणी, भाजली कुणी, आणि तिची माती कुठली होती? पण भाषणात मध्येच बोलणारी बाई म्हणजे आगाऊ बाई, म्हणून गप बसत आले. आता दिवाळी अंकवाल्यांनी आपण होऊन विचारलंय, तर सांगून टाकते.

माझं नाव पार्वती. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या बाजूला, 'पारूबाईची भट्टी' म्हटलं की लोक वाट दाखवायचे. मी कुंभाराची लेक आणि कुंभाराचीच सून. लग्नानंतर थोड्याच वर्षांत धुरानं आमच्या मालकांची छाती धरली आणि भट्टी माझ्या अंगावर पडली. शिक्षण सातवी. लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहिते, राग आला की घरचं बाहेर येतं. बाईनं भट्टीला काडी लावू नये असा आमच्यात दंडक. मी पहिली भट्टी पेटवली तेव्हा भावकीतला एक शहाणा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईच्या हातची भट्टी पिकत न्हाई." भट्टी उघडली, विटा लालबुंद निघाल्या, आणि पुढं ह्याच शहाण्याला घर बांधायला विटा लागल्या. मी त्याला रांगेत सगळ्यात शेवटी उभा केला.

गिऱ्हाइकं एकेक नग. दिंद्रुडकडचा एक म्हातारा गवंडी यायचा, तो वीट जिभेला लावून बघायचा. खारट लागली की परत. खाऱ्या विटेला पुढं पांढरा लोणा फुटतो नि भिंत खाऊन टाकतो, त्याचं बरोबरच होतं, पण सगळा ट्रक चाटून घ्यायला तो जेवढा वेळ लावायचा तेवढ्यात दुसरी भट्टी निघाली असती. आणि एक पुढारी होते, त्यांच्या जीपमध्ये सीटखाली माझ्या भट्टीची एक वीट कायम असायची. कुठं पायाभरणी असली की ती वीट काढायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, फोटो काढायचा. साहेब गाडीत बसले की मागं राहिलेला माणूस वीट खड्ड्यातून उचलून, पुसून, पुन्हा सीटखाली ठेवायचा. त्या एका विटेवर किती शाळा नि किती दवाखाने उभे राहायचे होते! उभं एकही राहिलं नाही, पण वीट काही झिजली नाही. म्हणून सांगते, माझा माल चांगला होता.

बाहेरून बघणाऱ्याला वीट करणं सोपं वाटतं. माती भिजवायची, तुडवायची, साच्यात दाबायची, उन्हात वाळवायची, रचायची आणि भाजायची. पण आमच्याकडची काळी माती नुसती थापली तर वाळताना तडकते. तिला आवरायला पांढरी घालावी लागते. शेताची ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडून, भिंती विरघळून, चुलीची राख मिसळून पांढरी तयार होते. हाताला पिठासारखी मऊ लागते. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. कच्ची वीट पाण्यात टाकली तर थोड्या वेळात तिची पुन्हा माती होते, तिच्यात ज्वारीसुद्धा उगवेल. भाजलेली वीट मात्र कधीच माती होत नाही. फुटेल, तिचा चुरा होईल, पण माती होणार नाही. एकदा ह्याच गोष्टीवरून माझा जीव टांगणीला लागला होता, तेच सांगायचं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बाजूला एक तलाव झाला. लोकांच्या हाताला काम पाहिजे म्हणून काढलेला. ज्या गावच्या माणसांनी डोक्यावर माती वाहून त्याचा बांध घातला, त्यांचंच गाव पुढं त्या तलावाच्या पोटात गेलं. माणसं वरच्या माळावर नव्या वस्तीत राहायला गेली. त्याला बरीच वर्षं झाली आणि पुन्हा दुष्काळ पडला. असा पडला की तलावाचं पाणी उतरत उतरत एका कोपऱ्यातल्या डबक्यात जाऊन बसलं आणि जुनं गाव वर आलं. आधी पाराचा कट्टा दिसला, मग भिंतींची डोकी, मग उंबरे. पाण्यानं सगळे कोपरे चाटून गोल केले होते. तिथं उभं राहून बोललं की आवाज कुठं जायचाच नाही, तोंडाशीच पडायचा. पाखरू म्हणून तिकडं बसत नव्हतं.

त्याच वर्षी जवळच एका सहकारी साखर कारखान्याचं काम निघालं. प्यायला पाणी टँकरचं आणि कारखाना उसाचा! पण हसायचं नाही, सहकार होता. पायाभरणीला चेअरमनसाहेब लई बोलले. तलावात ज्यांची घरं गेली त्यांच्या घरटी एकाला कारखान्यात लावून घेऊ, असा शब्द त्यांनी दिला. मग हात वर करून म्हणाले, "जुन्या गावचा एकेक माणूस ह्या कारखान्याची वीट हाय!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण गोदामाच्या विटांचं काम मला मिळालं होतं. तलावातला गाळ घ्यायचा, तिथंच भट्टी घालायची, माती कारखान्याचा ट्रॅक्टर आणून टाकणार. दुष्काळात दुसरीकडं कामच नव्हतं. माझ्याकडं थापायला आलेली कुटुंबं त्या भट्टीवरच चूल पेटवत होती.

थापलेल्या ओल्या विटा आम्ही जमिनीवर ओळीनं वाळत घालतो. त्यावर कुत्र्याचं, शेळीचं पाऊल उमटतं, कुणाच्या पोराचंही उमटतं. त्याचं काही वाटत नाही. पण तिथं रोज सकाळी एका मोठ्या माणसाचं अनवाणी पाऊल उमटायला लागलं. एकाच ओळीवरून, विटेमागून वीट, जुन्या गावाकडं गेलेलं. परतीचं पाऊल कुठंच नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसंच. माझा थापणारा किसन, तसा दांडगा गडी, सापाला हातानं धरणारा. तो टोपी काढून त्या विटांजवळ बसला.

"पारूबाई," म्हणाला, "रोज एक जण गावात जायलाय. येईना एकबी."

"तुला काय म्हणायचंय?"

"मला काय म्हणायचं न्हाई. पर बायका म्हणायल्यात आमाला इथं ऱ्हायचं न्हाई."

बायकांनी खरंच बोचकी बांधली होती. मी म्हटलं, कुठं जाल गं? रोजगार हमीवर खडी फोडायला? थांबा, बघते कोण आहे ते. बोलले मोठ्या तोऱ्यात, पण अंधारात जायचं धाडस माझंही झालं नाही. पहाट सरून नीट दिसायला लागलं तेव्हा मी विटांच्या ढिगामागं जाऊन बसले.

एक बाई आली. पन्नाशीच्या पुढची, वाळलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात केरसुणी. विटांच्या ओळीवरून झपाझप चालत गेली, जणू फरशी घातलेली आहे. मी लांबून मागं गेले. जुन्या गावात एका पडक्या घराच्या ढिगापुढं ती थांबली, पदर खोचला आणि ओटा झाडायला लागली. सुकलेल्या गाळाचा ओटा. झाडून झाला, मग उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

"मावशी, कोण गं तू? इथं काय करायलीस?"

ती दचकली नाही. "घर झाडायले. दिसंना का?"

तिचं नाव सरूबाई. नव्या वस्तीत एकटी राहायची. पुढं सगळे तिला सरूमावशी म्हणायला लागले. विटांवरून का जातीस, म्हटल्यावर म्हणाली, "गाळात पाय रुततो. तुमच्या ईटा कडक लागत्यात. येताना बांधावरनं लांबून येते. तिकडल्या घरी जायाची घाई कुणाला हाय?"

मग तिनं सांगितलं. तलावात पाणी चढायला लागलं तेव्हा वस्तीत सगळं सामान गेलं होतं, राहिली होती फक्त घराची सागवानी चौकट. तिच्या मालकांना ती चौकट सोडवेना. "बापजाद्याची हाय, इथं कुजू देतो का," म्हणून ते एकटेच परत गेले. त्या रात्री पाऊस झाला, भिजलेली भिंत चौकटीसकट अंगावर आली असं म्हणतात. पाहिलं कुणीच नाही. सकाळी तिथं पाणी होतं.

"मुडदा निघाला न्हाई," सरूमावशी म्हणाली. "मेला म्हणावं तर जाळला न्हाई, पुरला न्हाई. हाय म्हणावं तर दारात न्हाई. कुकू पुसावं का ठिवावं, कुणी सांगंना. दहावं घालायचं तर भटजी म्हणला, कशाचं घालू?"

"मग आता पाणी गेलंय. खोदून का बघत नाहीस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझ्या तोंडाचा राग आला. "खोदल्यावर काय निगंल, त्याचं भ्याव वाटतं गं. झाडायला भ्याव वाटत न्हाई."

तिनं एकच मागितलं. सगळा तलाव खणा, पण ह्या ढिगाला हात लावू नका. मी शब्द दिला. किसनला सांगितलं, बायकांना सांगितलं, ट्रॅक्टरवाल्याला निरोप दिला. सरूमावशीचं समाधान होईना. तिनं माझ्या जुन्या भट्टीतली पांढरी राख पाटीभर मागून नेली आणि आपल्या घराभोवती चारी बाजूंनी रेघ ओढली. देवाच्या अंगाऱ्याची ओढतात तशी, मनातल्या मनात काही पुटपुटत. ही रेघ कुणी ओलांडू नये म्हणून.

आमच्या माणसांनी किती वर्षं हमीची कामं केलीत! त्या कामावर इंजिनियर चुन्याच्या भुकटीनं, फक्कीनं, जमिनीवर रेघ मारतो. जिथं रेघ मारलेली, तिथं खणायचं. दुष्काळ आमच्या हाडात एवढाच शिकून गेलाय. दोन-चार दिवसांनी ट्रॅक्टरवर बदली माणसं आली. त्यांना माझा निरोप कुठला माहीत? चांगली पांढरी आणा, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्यांनी सगळ्या जुन्या गावात नजर फिरवली, एका ढिगाभोवती चौकोनी पांढरी रेघ दिसली, आणि बिचाऱ्यांनी तिच्या आतली माती अगदी रेघेबरहुकूम, कोपरे धरून, खणून आणली.

मी त्या दिवसांत बाजाराला नि जळणाच्या मागं अंबाजोगाईला होते. परत आले तर माती भिजली होती, तुडवून झाली होती, बरीचशी थापून वाळलीही होती. गाळात शिंपल्यांचे तुकडे असतात, ते वेचून टाकावे लागतात, नाहीतर भाजल्यावर वीट फुटते. बायका तेच करत होत्या. त्यांच्या पुढ्यात पांढऱ्या तुकड्यांचा लहानसा ढीग झाला होता. किसन माझ्याजवळ आला आणि त्यानं मूठ उघडली. आत गंजलेला, पण आकार नीट असलेला अडकित्ता होता.

"मातीत घावला," तो म्हणाला. "पारूबाई, ही माती कुठली हाय?"

मी बायकांपुढचा तो पांढरा ढीग बघितला. शिंपलेच होते. असतीलच. मी जवळ जाऊन पाहिलं नाही, आणि कुणी पाहावं असं मला वाटलंही नाही. बायकांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या एकेक करून उठल्या आणि हात पदराला पुसत लांब जाऊन बसल्या. माझ्या कानात चेअरमनसाहेबांच्या सभेतल्या टाळ्या वाजायला लागल्या. एकेक माणूस ह्या कारखान्याची वीट हाय.

ट्रॅक्टरवाल्याची किसननं गचांडी धरली. "कावून खणलं बे तिथं?"

"फक्की मारल्याली होती की!" तो पोरगा रडकुंडीला आला. "फक्की मारल्यावर खणायचं न्हाई तर काय करायचं?"

सोड म्हटलं किसनला.

सरूमावशी दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी आली. केरसुणी घेऊन गेली आणि तशीच परत आली, पहिल्यांदाच विटांच्या बाजूनं. मी अडकित्ता तिच्या हातात दिला. तिनं तो उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. "त्येंचाच," म्हणाली. रडली नाही. विचारलं, "कंच्या ईटा?"

मी ओळी दाखवल्या. त्या ओळखायला अवघड नव्हत्याच. बाकीच्या ओळींवर कुत्र्यांची, शेळ्यांची पावलं होती. ह्या ओळी कोऱ्या होत्या. भट्टीवरची कुत्री त्यांना वळसा घालून जात होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विश्वास ठेवा न ठेवा, तुमची मर्जी.

तेवढ्यात कारखान्याचा साइटवरचा माणूस फटफटीवर आला. त्याला कुणीतरी बातमी दिली होती.

"वहिनी, भट्टी थांबवली म्हणं? चेअरमनसाहेब वाट बघायलेत. माती ती माती. सगळीच माती कुणा ना कुणाची असती."

"तुझ्या आज्याची माती थापू का मग?" मी म्हटलं. "अवलादीच्या, माणूस बसलंय समोर. फटफटी बंद कर आधी."

त्यानं बंद केली. मी सरूमावशीजवळ बसले. तिला समजावून सांगितलं, जसं वर तुम्हाला सांगितलं तसंच. मावशी, अजून कच्च्या आहेत. एकदा भाजल्या की पुन्हा कधी माती होणार नाहीत. तू म्हणशील तर ह्या सगळ्या विटा डबक्यात घालते, माती करते आणि तुझ्या घराच्या जागी नेऊन टाकते. माझं काम गेलं तर गेलं. हे बोलताना किसनच्या बायकोचं तोंड माझ्यासमोर होतं. काम गेलं तर तिची चूलही जाणार होती, पण ती बाई मान हलवत होती, बरोबर आहे म्हणून.

सरूमावशी एका विटेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पुन्ना पाण्यातच घालतीस का गं त्यास्नी? इतकी वर्सं पाण्यातच होते की."

मी डबक्याकडं पाहिलं.

"अग्नी मिळाला न्हाई त्यास्नी," ती म्हणाली. "भाज. तुझी भट्टी पेटव. पर काडी मी लावणार."

त्या विटा आम्ही भट्टीच्या मधोमध रचल्या. एरवी भट्टी रचताना शिव्या, गाणी, चहाचं मागणं, काय विचारू नका. त्या दिवशी गड्यांनी चपला लांब काढून ठेवल्या होत्या, मी सांगितलं नसताना. साइटवरचा माणूसही गेला नाही, उन्हात टोपी हातात धरून उभा राहिला. दुपार कलायला लागली तेव्हा सरूमावशी तिच्या वाटणीचं टँकरचं पाणी हंड्यात घेऊन आली. हंडा खांद्यावर घेतला नि भट्टीभोवती फिरली. पाणी हिंदकळून सांडत होतं, आणि त्या दुष्काळात पाणी सांडतंय म्हणून कुणी ओरडलं नाही. मग तिनं काडी लावली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. भट्टी पेटली की तिच्याजवळ कुणाचं नाव घेत नाहीत. किसनला हाक मारायची तर "अहो थापेवाले" म्हणायचं. ज्याचं नाव भट्टी ऐकते त्याला ती मागून घेते, असं माझी सासू सांगायची, आणि मी कितीही हसले तरी पेटलेल्या भट्टीजवळ कधी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. सरूमावशीला मी आधीच बजावलं होतं. ती तिथं जाळाच्या तोंडाशी उभी राहिली. आमच्याकडची जुनी बाई, जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्यांदा, घरात हाक मारावी तसं, त्याचं नाव घेतलं. फक्त एकदा.

जाळ तोपर्यंत खालच्या तोंडांतच धुमसत होता. भट्टीला वर जाळ यायला वेळ लागतो, तो आतून हळूहळू चढत जातो. तिनं नाव घेतलं आणि मधोमध, त्याच विटांच्या डोक्यावर, लिंपणाला भेग पडली आणि जाळ वर आला. वारा नव्हता. मी आयुष्यभर भट्ट्या पेटवल्या, जळण ओलं-कोरडं कसं वागतं ते मला कळतं, लिंपण कुठं पातळ राहतं तेही कळतं. पातळ राहिलं असेल. पण तेव्हा किसन जमिनीवर बसून हात जोडत होता. ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्याचं होतं त्यानं नेलं.

ती भट्टी नेहमीपेक्षा लवकर पिकली. निवल्यावर उघडली तर एकही वीट कच्ची नाही, एकही जळून काळी पडलेली नाही, एकही फुटलेली नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की तांब्याच्या भांड्यासारख्या वाजायच्या. माझ्या हातून त्याच्याआधी नि त्याच्यानंतर तशी भट्टी निघाली नाही. कुणाही भट्टीवाल्यानं गावभर मिरवावं असा माल, आणि मला तो कुणाला दाखवावासा वाटेना. त्या विटा गोदामाच्या पश्चिमेच्या भिंतीला लागल्या. कारखाना पुढं कसा चालला नि कसा बंद पडला ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी पडत नाही. पत्रे गेले, दारं गेली, लोकांनी बाकीच्या विटासुद्धा उपसून नेल्या. ती भिंत तेवढी उभी आहे, तिला कुणी हात लावत नाही. जुन्या गावच्या घरटी एकाची नोकरी? ती कुणालाच मिळाली नव्हती.

ट्रक भरला त्या सकाळी सरूमावशी आली होती. मी तिला म्हटलं, ह्यातली एक वीट घेऊन जा, देव्हाऱ्यात ठेव.

"एक निऊन काय करू?" ती म्हणाली. "हात निऊ का पाय निऊ? सगळे एका जागी जाऊ दे."

ट्रकचा ड्रायव्हर परक्या मुलखातला होता, त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. सरूमावशी त्याच्या खिडकीपाशी गेली.

"लेकरा, दमानं ने. मालक बसल्यात मागं."

"कोण बसलंय?" त्यानं विचारलं.

"मालक. कारखान्यात लागल्यात. आज पैला दिस हाय."

ड्रायव्हरनं खाली उतरून मागं पाहिलं. विटाच होत्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो पुन्हा वर चढला आणि खड्ड्या-खड्ड्यावर गाडी आवरत, बैलगाडीच्या चालीनं बांधावर गेला. आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो. ट्रक वळणाआड गेला तेव्हा सरूमावशीनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं, नीट पुसलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "पारू, भाकर हाय का गं तुझ्यापाशी? लई भूक लागलीय."